‘बेल्ट तर अखंड होता’ या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. चालती गाडी मध्येच बंद पडली आणि वर मोठं बिल आलं, तर राग कोणालाही येईल. पण तुमचं वाचून दुसरा कोणी स्वतःच्या इंजिनाचं वाटोळं करून घेऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: आधीच्या मेकॅनिकने कॅम सेन्सर गेल्याचं सांगितलं होतं. त्याने वरचं कव्हर काढून टायमिंग बेल्ट दाखवला, तो अखंड होता. आम्ही मात्र गाडी एकदाही स्टार्ट करून न बघता ‘बेल्ट गेला’ म्हणालो, मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं आणि चांगला वॉटर पंप बदलून बिल फुगवलं. गाडी जेमतेम ४५,००० किलोमीटर चाललेली. मित्राच्या गाडीचं काम नुसता बेल्ट टाकून झालं होतं.

बेल्ट अखंड होता हे खरं आहे. पण बेल्ट जातो तेव्हा त्याचे दोन तुकडे होतातच असं नाही. पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा म्हणजे क्रँक, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडणारा वरचा दांडा म्हणजे कॅम. क्रँकची चाल कॅमपर्यंत हा बेल्ट पोचवतो, आणि त्याचं सगळं काम आतल्या बाजूच्या रबरी दातांवर चालतं. तुमच्या बेल्टचे क्रँकच्या पुलीवर आलेले दात ओळीने सोलून निघाले होते. ही पुली सगळ्यात लहान. तिच्यावर एका वेळी मोजकेच दात बसतात आणि ओढ सगळी त्यांच्यावर येते, म्हणून दात बहुतेकदा तिथेच जातात. वरचं कव्हर काढल्यावर दिसते ती बेल्टची पाठ, आणि तुमच्या बेल्टची पाठ खरंच नव्यासारखी होती.

आम्ही काय केलं ते तुमच्या भावासमोरच झालं. सेल मारला नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने, अगदी थोडंसं फिरवलं. खाली क्रँक फिरला, वर कॅमची पुली तसूभरही हलली नाही. एवढ्यावर निदान पक्कं होतं. खरं तर तुम्ही फोनवर सांगितलंत, ‘सेल मारला की इंजिन नेहमीपेक्षा भरभर आणि हलकं फिरतंय’, तेव्हाच मला शंका आली होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा, बनत नसलं की स्टार्टरला अडवणारं काही राहत नाही आणि तो नेहमीचा ठेका ऐकू येत नाही. बॅटरी उतरली की इंजिन जड फिरतं, हे बरोबर उलटं. गाडी टो करण्याआधी फोनवर आवाजाचं असं वर्णन करणारा गिऱ्हाईक आम्हाला फार उपयोगी पडतो, हे जाता जाता सांगतो.

सेन्सरबद्दल. आधीच्या मेकॅनिकच्या स्कॅनरवर पी ०३४० हा कोड आला, तो आमच्याकडेही आला. कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, असा त्याचा अर्थ. पण कॅमच फिरत नसेल तर सेन्सरकडून सिग्नल येणार कुठून? कोड वाचून थेट पार्ट बदलायचा, ही पद्धत मला पटत नाही. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. नवा सेन्सर टाकूनही गाडी सुरू झाली नाही, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

आता ‘एकदा स्टार्ट करून तरी बघायचं’ याबद्दल. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि हे गणित सांभाळणं हेच त्या बेल्टचं काम. इंजिन ३,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर, असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, मिटतो. तुमच्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो तिथवरच पिस्टनही वर येतो. दोघे एकाच वेळी तिथे पोचू नयेत, एवढाच त्यांचा बचाव. अशा इंजिनाला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. दात सोलले की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. काही इंजिनांत या दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे नवा बेल्ट टायमिंग जुळवून बसवला की काम संपतं. तुमच्या मित्राचं तसं झालं असणार.

आमच्याकडे येण्याआधी गाडीला बराच वेळ सेल मारला गेला आणि गिअरमध्ये टाकून धक्काही दिला गेला, असं तुमच्याच लिहिण्यात आहे. कोणता व्हॉल्व्ह चालत्या गाडीत वाकला आणि कोणता नंतर, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्याचं खापर मी कोणावर फोडत नाही. मात्र त्यात आमच्या सेलची भर घालणार नव्हतो.

पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर लिहिलं होतं: ‘बेल्टचे दात गेले, व्हॉल्व्हची तपासणी बाकी, खर्चाचा अंदाज त्यानंतर.’ खाली तुमच्या भावाची सही आहे. खर्च आम्ही मागाहून वाढवला असं तुम्हाला वाटतंय, पण तोवर आकडा दिलाच नव्हता. अंदाजाने आकडा फेकून गाडी ताब्यात घ्यायची, हे आमच्याकडे होत नाही.

तपासणीचे पैसे कशाचे, तेही सांगतो. चारही पिस्टन सिलिंडरच्या मधोमध आणले, म्हणजे कॅम हाताने फिरवताना व्हॉल्व्हला धक्का लागत नाही. मग ज्या सिलिंडरची पाळी, त्याचे व्हॉल्व्ह मिटतील असा कॅम धरला, क्रँक अडवून ठेवला आणि स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर दिलं. याला लीकडाऊन टेस्ट म्हणतात. हवा कुठून निसटते ते कानाने कळतं: इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईलच्या झाकणातून जास्त आली तर पिस्टनच्या रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेडखालचं गॅस्केट. तुमच्या पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरने हवा धरली. दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरळ सायलेन्सरमधून बाहेर पडत होती. त्याच भोकातून छोटा कॅमेरा घालून बघितलं, तर त्या दोन पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेचे अर्धचंद्रासारखे वण होते. ते फोटो तुम्हाला पाठवले, त्यानंतर आकडा सांगितला आणि तुमचा होकार आल्यावरच हेड उतरवलं.

‘नुसता बेल्ट टाकून द्या, बघू चालते का’ असं तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात. कदाचित चाललीही असती, दोन सिलिंडरवर, थरथरत. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तो तापून निकामी झाला असता. त्याहून वाईट म्हणजे वाकलेल्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं असतं, तर पिस्टन आणि सिलिंडरची भिंत दोन्ही गेली असती. असं काम आमच्या हातून होणार नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

आता ४५,००० किलोमीटरचा मुद्दा. बेल्ट बदलण्याची मुदत गाडीप्रमाणे वेगळी असते, आणि मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी बहुधा वर्षंही दिलेली असतात. जे आधी होईल ते धरायचं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं आणि तुमची गाडी नऊ वर्षांची आहे. पण तुमच्या बेल्टला नुसत्या वयाने मारलं नाही. कॅमचं ऑईल सील गळत होतं आणि ते ऑईल कव्हरच्या आत बेल्टवर पडत होतं. ऑईलने रबर फुगतं, मऊ होतं, आणि दात मुळातून सुटतात. कव्हर बंद असल्यामुळे जमिनीवर थेंबही दिसत नाही. सील तसंच ठेवून नवा बेल्ट टाकला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. म्हणून सील बदललं.

वॉटर पंप आणि टेन्शनरचंही, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचंही, असंच. तुमच्या इंजिनात हाच बेल्ट पंपही फिरवतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं किंवा टेन्शनर सैल पडला, तर नव्या बेल्टची तीच गत. तिथवर पोचायची मजुरी एकदा दिलेलीच होती. तुमचा पंप गळत नव्हता, मान्य, पण हाताने फिरवल्यावर बेअरिंग खरखरत होतं. तो जुन्या पार्टच्या खोक्यात आहे, फिरवून बघा.

दिवस लागले ते हेडमुळे. वाकलेले व्हॉल्व्ह काढणं, व्हॉल्व्ह ज्यांतून सरकतात ते गाइड तपासणं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट घासून नवे व्हॉल्व्ह बसवणं, पृष्ठभाग सपाट आहे का ते बघणं, हे मशीन शॉपचं काम आहे आणि तिथे रांग असते. हेडचे बोल्टही नवे घ्यावे लागले, कारण तुमच्या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि कंपनीच ते पुन्हा वापरू नका म्हणते. बिलात ‘बोल्ट’ बघून तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंय, ते हेच.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. खोक्यात बेल्ट, वाकलेले व्हॉल्व्ह, सील आणि टेन्शनर सगळं आहे. तुमच्या विश्वासाच्या कोणत्याही मेकॅनिकला ते दाखवा आणि तो काय म्हणतो ते इथेच खाली लिहा. आणि हेड उघडलं होतं म्हणून पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी एकदा आणा. कूलंटची पातळी आणि सीलजवळचा ओलावा बघायचा आहे, त्याचे पैसे लागणार नाहीत. तोवर इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीकडे अधूनमधून नजर टाका. पातळी उतरताना दिसली तर गाडी चालवत आणू नका, आधी फोन करा.