वीस रेघा आणि एक ट्यूबलाइट

माळ्यावरचं खोकं मी खाली उतरवलं आणि आई दारात जाऊन भंगारवाला दिसतोय का ते बघून आली. तिची चूक नाही. खोक्यात कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर होता, मामांनी १९८७ साली मस्कतहून आणलेला, आणि जोडीला त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी नावाची चुंबकीय तबकडी वाचणारं यंत्र. ड्राइव्ह म्हटलं की हल्ली माणसं करंगळीएवढी वस्तू डोळ्यासमोर आणतात. हा चपलांच्या खोक्याएवढा. पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, स्वतःची २ केबी मेमरी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. वजन जावयासारखं आणि तापणंही तसंच. सोलापूरच्या मे महिन्यात घरात आणखी एक गरम वस्तू कुणालाच नको असते.

पण मला एक फ्लॉपी वाचायची होती. तिच्यावर माझ्याच दहावीतल्या अक्षरात ‘चादर’ असं लिहिलेलं होतं.

फ्लॉपीवरची यादी मागवली : लोड, डॉलर, कॉमा, आठ. रिटर्न. टीव्हीवर ‘सर्चिंग’ आलं, ड्राइव्हने घशातला बेडका काढावा तसा आवाज केला, लाल दिवा लुकलुकू लागला आणि उत्तर मिळालं : ‘फाइल नॉट फाउंड’. दुसरी फ्लॉपी घातली, तेच. तिसरी, तेच. म्हणजे फ्लॉप्या शुद्ध, ड्राइव्हच बिघडलेला.

आतलं चाक मिनिटाला बरोब्बर ३०० फेरे फिरलं पाहिजे. ते फिरवतो एक रबरी पट्टा, आणि इतक्या वर्षांत आपल्या सगळ्यांचंच जे झालंय तेच त्या पट्ट्याचं झालं होतं. वेग मोजायचे प्रोग्राम असतात. ते फ्लॉपीवर असतात. चष्मा सापडायला आधी चष्मा लागतो, त्यातली गत.

मात्र हा ड्राइव्ह बनवणारे शहाणे होते. चाकाच्या खालच्या बाजूला त्यांनी रेघांची दोन कडी छापून ठेवली आहेत, एक ५० हर्ट्झच्या देशांसाठी, एक ६० च्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि दर आवर्तनात दोनदा म्हणून चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लखलखते. चाक सेकंदाला पाच फेरे घेतं. म्हणजे एका फेऱ्यात वीस लखलखाट, आणि आपल्या कड्यात रेघाही वीसच. वेग बरोबर असेल तर चाक गरगरत असताना रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. मागच्या छोट्या बोर्डावरचा प्रीसेट, म्हणजे वेग कमीजास्त करायची चकती, स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवायचा, की झालं.

मी ड्राइव्ह उघडून कुशीवर उभा केला, दिवा लावला आणि वाकून पाहिलं. राखाडी रंगाचं गुळगुळीत कडं. एकही रेघ नाही. दोन वर्षांपूर्वी मीच हौसेने सगळ्या घरात एलईडी बसवलेत. ते पठ्ठे लखलखतच नाहीत.

नवी पेठेत चोक मागितला. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंदिलाची काच मागतोय.

शेवटी शेजारचे अण्णा धावून आले. अण्णांचा जन्म यंत्रमागावर गेला, जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग नुसता ऐकून ‘पट्टा ढिला हाय’ म्हणून सांगायचे. “काय करायलास बे? ट्यूब पायजे? चल कारखान्यात.” साखर पेठेतल्या त्यांच्या पुतण्याच्या कारखान्यात जुन्या ट्यूब अजून होत्या. स्कूटरवर मी, मागे भाचा, मध्ये ड्राइव्ह आणि पिशवीत कॉम्प्युटर अशी आमची वरात निघाली. जेवणाची सुट्टी होती, माग थांबलेले.

मोटर आपणहून फिरत राहत नाही, लोड करायला सांगितलं तरच फिरते. म्हणून टीव्ही नसताना अंदाजाने पुन्हा पुन्हा लोड टाइप करायचं काम भाच्याकडे. मी खाली वाकलो. रेघा दिसल्या, पण वारूळ फुटावं तशा. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी.

“तीन ट्यूबा तीन फेजवर हायेत, एकदम लखलखत नाईत,” अण्णा म्हणाले. “एकाच फेजवर ठेवल्या तर फिरतं चाक थांबल्यागत दिसतंय. पोरं हात घालतेत.” आणि त्यांनी दोन ट्यूबा बंद केल्या. जी गोष्ट मला हवी होती, तीच टाळायला त्यांनी आयुष्यभर वायरिंग केलं होतं.

आता रेघा स्पष्ट, पण भरधाव पुढे पळणाऱ्या. मी प्रीसेट मागे घेतला. तरी पळतात. आणखी मागे. शेजारी उघडा ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्ट, आणि कपाळावरचा घाम नेमका तिकडेच ओघळतोय. ड्राइव्ह आता पेंगायला लागला होता.

“पोरा, तू दुसरंच कडं बघायलास,” अण्णा म्हणाले.

खरंच. मी ६० चं कडं धरलं होतं. त्यात २४ रेघा. आपल्या विजेवर ते थांबतं २५० फेऱ्यांना. म्हणजे मी इमानेइतबारे वेगाचा सहावा हिस्सा कापायला निघालो होतो.

योग्य कडं धरलं आणि केसभर, पुन्हा केसभर असं करत वीस रेघा आल्या. डगमगल्या, थोड्या मागे सरल्या आणि उभ्या राहिल्या. त्या क्षणी मला भरून आलं, कारण ज्या विजेच्या ठेक्यावर त्या उभ्या राहिल्या, ते घड्याळ काही साखर पेठेचं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडला मिळालं. तेव्हापासून सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एक. ती ४९.९ वर घसरली तरी माझं चाक २९९.४ वर येणार, ड्राइव्हला पत्ताही लागणार नाही. अख्ख्या देशातली जनित्रं मिळून माझ्या रेघा धरून उभी होती, आणि तेवढ्यात घरून फोन आला : “पाणी आलंय!”

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ग्रिडला थांबायला सांगितलं आणि हंडे भरायला पळालो.

रात्री टीव्ही जोडला. अण्णाही आले, शेंगा खात बसले. लोड. दिवा लुकलुकला नाही. ‘रेडी’. रन म्हटल्यावर पडद्यावर वरून खाली, ओळीमागून ओळ, चौकोन आणि त्रिकोण उतरत चादर विणली गेली. दहावीच्या सुट्टीत मी अक्षरांच्या चिन्हांतून काढलेली.

अण्णा खुर्ची ओढून टीव्हीजवळ गेले. “उजवी किनार कमी हाय.”

“अण्णा, ओळीत जागा चाळीस. चाळीसही भरल्या तर मध्ये एक ओळ रिकामी जाते. म्हणून एकोणचाळीसच वापरल्या.”

अण्णांनी शेंगेचं टरफल बाजूला ठेवलं. “मग जास्त पन्ह्याचा माग घ्यायचा होतास की बे.”