दिवाळीनंतर निवांत बघू

गणितातली पीएचडी झाली, आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा. पण घाई कशाला? अमेरिकेतल्या गणित विभागांच्या बहुतेक जागा मॅथजॉब्स या अर्जांच्या वेबसाइटवर निघतात. शेवटच्या तारखा बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्टच्या आसपास. शहाणी माणसं जूनपासून तयारीला लागतात. तुम्ही आधी फराळ उरका. फक्त एवढं ध्यानात असू द्या की न्यूयॉर्कचे 'रात्री ११:५९' म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. तारीख ऑक्टोबरातली असेल तर ९:२९, कारण तिकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात. तो तास चहासाठी राखून ठेवा.

शिफारसपत्रं साधारण चार लागतात: तीन संशोधनावर, एक शिकवण्यावर. अर्जाचं खरं वजन त्यांतच असतं, म्हणून ती शेवटच्या दोन दिवसांत मागा. तिन्ही घरचीच घ्या: गाईड, गाईडचे समोरच्या केबिनमधले मित्र आणि विभागप्रमुख. 'उमेदवार मेहनती असून सेमिनारला नियमित हजर असतो' हे वाक्य तिन्हींत हवंच. स्थळ सुचवताना 'मुलगा निर्व्यसनी आहे' म्हणतात ना, तोच भाव निवड समितीला लगेच कळतो. बाहेरच्या विद्यापीठातला एखादा जाणकार, ज्याने तुमचा पेपर खरोखर वाचलाय आणि 'यातली तिसऱ्या सहायक प्रमेयातली युक्ती आम्हाला सुचली नव्हती' असं लिहून देईल, तो कॉन्फरन्समध्ये दिसला तर जेवणाच्या रांगेत तोंड चुकवा.

रिसर्च स्टेटमेंटची, म्हणजे अर्जासोबतच्या आपल्या संशोधनावरच्या टिपणाची, सुरुवात 'समजा, एक्स ही के या फील्डवरची स्मूथ प्रोजेक्टिव्ह व्हरायटी आहे' अशी ठसक्यात करा. समितीत तुमच्या शाखेबाहेरचा एक अ‍ॅनालिसिसवाला आणि एक टोपॉलॉजीवाली असेल, समोर अर्जांचा ढीग असेल. पहिल्या पानावर त्यांना काहीच कळलं नाही पाहिजे. तुमचं मुख्य प्रमेय चौथ्या पानावर, चिन्हांची यादी संपल्यावर.

ओळखीपाळखीसाठी एकच ईमेल चाळीस प्राध्यापकांना धाडा. नाव तेवढं प्रत्येकाचं चिकटवा, तेही वेगळ्या फॉन्टमध्ये, म्हणजे चिकटवल्याचं दिसेल. टोपॉलॉजिस्टला 'आपल्या नंबर थिअरीतल्या कामाने भारावलो' असं लिहिलंत तर सोन्याहून पिवळं.

जर्नलांचा निकाल यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणून लोक प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा पेपर, आर्काइव्ह (arXiv) या खुल्या वेबसाइटवर टाकतात. तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवा.

आडनावही विचारपूर्वक निवडा. गणितात लेखकांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लागतात, योगदानाने नाही. मात्र भारतात प्राध्यापकीसाठी यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे गुण मोजताना दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. अभ्यंकरांचं भलं होतं, झगड्यांनी नावाप्रमाणे झगडत राहावं.

युरोपात मेरी क्यूरी फेलोशिप आहे, पण गेल्या ३६ महिन्यांत १२हून जास्त महिने ज्या देशात काढले तो देश यजमान (होस्ट) म्हणून बाद. तेव्हा फ्रान्समध्ये दीड वर्ष काढल्याबरोबर पॅरिसचाच होस्ट पकडा. मुंबईत टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) पोस्टडॉकची जागा 'व्हिजिटिंग फेलो' या नावाने निघते. तुम्ही 'पोस्टडॉक' हाच शब्द शोधत राहा, कधीच सापडणार नाही.

एवढं करूनही फेब्रुवारीच्या सुमारास कुठून ऑफर आलीच, तर 'घरी विचारून कळवतो' म्हणा आणि आठवडाभर गावी जा. तोवर यादीतल्या पुढच्या नावाला फोन गेलेला असेल.