टाके घालून आलेला गोलकीपर

हेल्मेटचा दंड भरून शिऱ्या थेट कट्ट्यावर आला आणि सुरूच झाला. "पूर्वीची माणसं काय मर्द होती रे! मिल्या, तुझ्या त्या आइस हॉकीतले गोलकीपर तोंडाला काही न लावता उभे राहायचे ना?"

मिल्या दोन वर्षं कॅनडात राहून आलाय. तेव्हापासून आमच्या डोक्यावर आइस हॉकीचे मिरे वाटतोय.

"राहायचे. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यू यॉर्कमध्ये समोरच्या संघातल्या अँडी बाथगेटचा फटका बसला आणि माँट्रियलचा गोलकीपर झाक प्लांट, त्याचा चेहरा नाकापासून ओठापर्यंत फाटला. पक म्हणजे टणक रबराची चकती, दीडशे ग्रॅमच्या वर! प्लांट आत गेला, टाके घालून घेतले आणि कोच टो ब्लेकला म्हणाला, मास्क घालू दे, नाहीतर मी खेळत नाही."

"हे सरळ ब्लॅकमेल झालं," शिऱ्या म्हणाला.

"ब्लेकलाही तसंच वाटलं असेल. सरावात मास्क त्याला चालायचा, सामन्यात नाही."

इतका वेळ चहा फुंकत बसलेल्या संज्याने विचारलं, "मग त्याने दुसरा गोलकीपर का नाही उतरवला?"

"होता कुठे? तेव्हा संघ एकच गोलकीपर घेऊन फिरायचे. तिथलाच कुणीतरी हौशी उभा करावा लागला असता."

"मग शौर्याचं कशाला सांगतोस? बाकावर दुसरा असता, तर प्लांट टाके मोजत घरी बसला असता."

मला संज्याचंच पटलं. पण मिल्या थांबतोय थोडाच! तो सामना माँट्रियल ३-१ ने जिंकलं, पुढेही मास्क लावून बरेच सामने हरलं नाही. मग मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर डेट्रॉइटला एकदा मास्क काढला आणि ३-० ने हरले. पुढच्या सामन्याला मास्क परत. त्या मोसमात लीगचा करंडक, म्हणजे स्टॅनली कप, सलग पाचव्यांदा.

"आणि हा अकरा भावंडांत थोरला," मिल्याने भर घातली. "लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा."

"विणायचा?" शिऱ्याला हे मास्कपेक्षा जास्त लागलं. "बरं, मग बाकीच्यांनीही लगेच मास्क घातले असतील."

"कुठे लगेच! एनएचएल, म्हणजे तिथल्या मोठ्या आइस हॉकी लीगमधला शेवटचा बिनमास्कचा १९७४ पर्यंत खेळत होता."

"बघ! होते ना मर्द!" म्हणत शिऱ्याने किक मारली. हेल्मेट आरशाला लटकत होतं.