आपोआप जमलेल्या घराची जुळवाजुळव

इंग्रजी पद्धतीनं घर सजवायचं तर पहिली अट अशी, की ते सजवलेलं दिसता कामा नये. सहा खुर्च्यांचा एकसारखा नवाकोरा सेट आणलात की संपलंच. खुर्च्या पाच हव्यात, त्यातली एक दुसऱ्याच घराण्यातली हवी, गालिचा कडेला विरलेला हवा आणि एकूण थाट असा हवा, की दीडशे वर्षं माणसं येत गेली, सामान ठेवत गेली आणि उचलायचं राहून गेलं. आपल्याकडे हे काम माळा फुकटात करतो. इंग्लंडमधल्या एकाला एक चिकटलेल्या व्हिक्टोरियन घरांपैकी एखाद्यात राहायला गेलेल्या मराठी माणसाला मात्र हा योगायोग स्वतः घडवून आणावा लागतो. त्यासाठी पाणसळ, हिऱ्याचं ड्रिल-बिट आणि ३ अँपियरचा फ्यूज लागतो.

यातलं अस्सल इंग्रजी किती, हे मात्र विचारू नये. फुलाफुलांचं चिंट्झ कापड पडद्याला लावलं की खोली लगेच इंग्रजी दिसते. हे कापड मुळात हिंदुस्थानातून गेलं आणि इंग्लंडमधल्या विणकरांच्या पोटावर एवढं आलं, की १७२१ च्या कायद्यानं ते अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही बंदी आली. ती उठली १७७४ मध्ये. निळ्या विलो नक्षीच्या बश्या इंग्रज कारखान्यांनी चिनी मालावरून बेतल्या आणि त्यावरची करुण चिनी प्रेमकथाही मागाहून इंग्लंडातच रचली गेली. बोन चायना नावाची चिनी माती मात्र त्यांची स्वतःची. ज्यांना त्यात एकादशीची खिचडी वाढायची आहे त्यांनी पुढचं वाक्य वाचू नये. त्या मातीत जवळजवळ निम्मी राख असते, आणि ती बैलांच्या हाडांची.

खरी परीक्षा भिंत घेते. आतल्या पडभिंती बऱ्याचदा विटांच्या नसतात. उभ्या लाकडांवर आडव्या पातळ पट्ट्या ठोकून त्यावर चुन्याचा गिलावा चढवलेला असतो. पट्ट्यांच्या फटींतून मागे गेलेला चुना तिथेच वळून घट्ट होतो आणि त्या आकड्यांवर सगळा गिलावा तगून असतो. हातोडी मारली की मागचे आकडे तुटतात. खिळा बसतो, पण दोन हात लांब भिंतीला पोट सुटतं. व्हिक्टोरियन लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी छतापासून फूट-दीड फूट खाली खोलीभर एक लाकडी पट्टी फिरवली. तिच्यावर पितळी आकडा अडकवायचा आणि साखळीनं चित्र खाली सोडायचं, भिंतीला धक्का नाही. फ्रेमच्या मागच्या कड्या वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर लावाव्यात. त्याहून खाली लावल्या तर चित्र पुढे झुकतं आणि चित्रातले आजोबा आपल्या ताटात डोकावतात. जड फ्रेमला दोन साखळ्या, दोन आकडे. बऱ्याच घरांत मधल्या कुणा आधुनिक मालकानं ही पट्टी उखडून टाकलेली असते. नवी लावताना नुसत्या गोंदावर विसंबू नका, आतली उभी लाकडं शोधा आणि स्क्रू त्यांतच घ्या. ती चौदा ते अठरा इंचांवर असायला हवीत. कधीकधी असतातही.

आता माल. रविवारी पहाटे एखाद्या शेतात गाड्या लागतात आणि लोक डिकी उघडून घरातलं नको ते विकायला मांडतात. बरोबर बॅटरी, सुटे पैसे आणि निर्विकार चेहरा न्यावा. बशी आवडली तरी आधी शेजारच्या मिक्सरची चौकशी करावी. मग बशी बोटांच्या टोकांवर तोलून नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर तडा. आजीनं माठ घेताना केलं तेच, फक्त इथे आजूबाजूचे लोक आपल्याला तज्ज्ञ समजतात. खुर्ची मात्र उलटी करून बघावी. खाली दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर घाबरायचं कारण नाही, भोकं जुनीही असू शकतात. त्यातून फिकट, ताजी पूड गळत असेल तर मात्र कीड आत मुक्कामाला आहे. शंका असेल तर खुर्ची आठवडाभर काळ्या कागदावर उभी करून ठेवा आणि बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

तीन न जुळणाऱ्या बश्यांची केकची उतरंड हे या छंदातलं बालवाडीचं पुस्तक मानतात. सगळ्यात जास्त बश्या इथेच फुटतात. साधारण २७, २१ आणि १६ सेंटिमीटरच्या बश्या घ्या. मधून दांडा जायला प्रत्येकीच्या मध्यावर भोक पाडायचं असतं. मध्य कागदी चकतीनं काढा, चकती दोनदा घडी घातली की मध्य सापडतो. त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. पोलादी बिटाला ती झिलई दाद देत नाही, हिऱ्याची पूड बसवलेलं पोकळ बिटच हवं. ड्रिलचा ठोके देणारा खटका बंद आहे ना, हे एकदा पाहा आणि मग पुन्हा पाहा. गती कमी ठेवायची. बिट आधी तिरकं टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचं. भोवती प्लॅस्टिसिनचा, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा, बांध घालून चमचाभर पाणी ठेवायचं, त्यानं बिट थंड राहतं आणि पूड नाकात जात नाही.

एवढं करूनही बशी फुटते, आणि ती बुडाच्या गोल कड्यामुळे. बशी टेकते ती त्या कड्यावर, मध्य अधांतरी. वरून जोर दिला की ती खचते. म्हणून पोकळीत लाकडाचा तुकडा किंवा प्लॅस्टिसिन गच्च भरा आणि शेवटच्या मिलिमीटरला हात सैल सोडा. दांड्यावर जोडताना प्रत्येक बशीच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर घाला आणि पाना न वापरता बोटांनी आवळा. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे उतरंडीवर कोरडा केक चालेल, लिंबाचं लोणचं नको.

जुना रॉकेलचा पितळी दिवा विजेवर आणणं दिसायला अवघड, पण करायला त्या मानानं सरळ. आधी कुणी बसवलेली कापडी वायर असेल तर तिच्यावर माया करू नका. आतलं रबर कडक होऊन भुगा झालेलं असतं. नवी, तीन तारांची, ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्या. तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी थेट पितळी अंगाला. ही तिसरी टाळली तर आत तार सुटल्याच्या दिवशी दिव्याला हात लावणाऱ्याला झटका बसेल. पितळेच्या भोकात रबरी बूच बसवायला विसरू नका, धारदार कड वायर कापते. तिकडच्या प्लगमध्ये फ्यूज असतो आणि दुकानातून येतो तो बहुधा १३ अँपियरचा. ही वायर सहा अँपियरची, म्हणजे बिघाड झाला तर फ्यूज शाबूत आणि वायर लाल. ३ अँपियरचा घाला. होल्डर मात्र आपल्या ओळखीचा निघतो, दोन पिनांचा, दाबून फिरवायचा. ठाण्याहून नेलेला बल्ब लंडनमध्ये बिनतक्रार बसतो.

शेवटी सिंगरच्या पायमशीनचं टेबल. इंग्रजी थाटातली ही बिडाची नक्षी बहुतेक वेळा स्कॉटलंडची असते. ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकचा कारखाना १९८० पर्यंत चालू होता. गंज तारेच्या ब्रशनं काढा, पण सोनेरी अक्षरं आणि जुना काळा रंग उरला असेल तिथे हात आखडा. मूळ रंगात शिसं असण्याचा संभव असतो, म्हणून कोरडं घासू नका, ओलं घासा. वर ओकची रुंद फळी घालायची तर स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवा. थंडीत घरातलं हीटिंग सुरू झालं की फळी आडवी काही मिलिमीटर आकसते. तिला जागा नसली तर ऐन नाताळात, पाहुण्यांसमोर, फाटकन आवाज होतो.

पायटा चाकाशी जोडणारा दांडा काढून ठेवायला हवा, नाहीतर जेवताना पाय लागला की चाक फिरतं आणि कुणाची तरी साडी आत जाते. इंग्रज पाहुणे पायटा पाहून वा वा करतात आणि पाय आवरून बसतात. मराठी पाहुण्यांचे पाय गप्पांच्या ओघात थेट त्यावरच जातात, टाच-चवडा, टाच-चवडा. चाक हलत नाही म्हटल्यावर कुणीतरी काकू टेबलाखाली वाकतात, "अगं, दांडा निखळलाय, जरा तेलाची बुधली आण," म्हणतात आणि हातातला कप त्या महागड्या ओकवर, खाली काही न ठेवता, ओला टेकवतात.