मी काय मुंबईहून आलोय?

अलिबागला एक दिवस निवांत घालवायचं ठरवलंत, उत्तम. मात्र निवांतपणा शनिवारीच शोधावा. सोमवारी सुट्टी जोडून आली असेल तर सोन्याहून पिवळं. गेटवेहून बोटीने मांडव्याला तासाभरात पोचता येतं आणि पुढच्या वीसेक किलोमीटरची बस बहुतेक वेळा तिकिटातच असते. पण मग वडखळच्या फाट्यावरच्या वाहतूक कोंडीत हॉर्न वाजवायचं सुख कुठलं मिळायला? गाडीच काढा. सहाला निघायचं ठरवा, म्हणजे नऊला निघाल.

तिथी चुकूनही बघू नका. कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे, सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर चालत जाता येतं, एवढं वाचलंत ना? पुरे. किनाऱ्यावरची माणसं हिशेब ठेवतात तो पाऊणकीच्या पाढ्यावर. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे साधारण सहा तास आधी, सकाळी नवाला, पूर्ण सुकती. आठला निघालं की पायही फारसे न भिजता पोचता येतं आणि साडेदहाच्या आत परतायचं असतं. तुम्ही किनाऱ्यावर पोचाल साडेबाराला, पाणी जोरात चढत असताना. मग ‘फोटोत तर वाळू दिसत होती’ असं घोडागाडीवाल्याला ठणकावून सांगा. फोटो त्यानेच टाकला असावा, अशा सुरात.

अष्टमी गाठलीत तर आणखी मजा. आठ पाऊण सहा. भरती सहाला, सुकती बरोबर दुपारी बाराला, तुमच्या सोयीची! फक्त अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. बारा वाजले तरी वाटेत पाणी उरतंच. पौर्णिमा-अमावास्येला ते लांबवर हटतं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. शिवाय उधाणाचं पाणी परत येतं तेही झपाट्याने. तेव्हा तुम्ही किल्ल्यात सेल्फी काढत असावं, हे उत्तम.

किल्ल्यात तसं बघायला काही नाही. रघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं टाकं, आणि उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा. तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, जोर मरतो, तट उभा राहतो. हे सगळं मान वळवून बघावं लागतं. त्यापेक्षा तोफेवर पोराला बसवा.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी एस.टी. स्टँडपासून जवळच आहे, म्हणून कुणी जात नाही. तुम्हीही जाऊ नका. चुंबकीय वेधशाळेवरून मात्र हॉर्न वाजवत जा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून मुंबईच्या कुलाब्यातलं हे काम 1904 साली इथल्या कुलाब्यात, म्हणजे अलिबागला, आणलं. शांत गाव हवं होतं म्हणे.

जेवायला जुलैत आलात तर ‘आज पकडलेलं’ पापलेटच मागा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे वाढप्याला माहीत आहे. तो ‘एकदम फ्रेश, साहेब’ म्हणेल. विश्वास ठेवा.

संध्याकाळी गाडी पुळणीवर उतरवा. ओली वाळू कडक दिसते, सिमेंटसारखी. चाकाखाली पाणी झिरपलं की तीच भुसभुशीत होते. गाडी रुतली की लोक टायरची हवा कमी करतात, चाकांपुढची वाळू उपसतात, फळ्या घालतात. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून धरा. चाक जागच्या जागी फिरून आसापर्यंत खाली जाईल. तेवढ्यात भरती आली तर इंजिनात खारं पाणी, आणि ट्रॅक्टरवाल्याचा दर दर पाच मिनिटांनी वाढलेला. घासाघीस करा. समुद्र थांबतो.

‘मी काय अलिबागहून आलोय?’ या बोलण्यावर बंदी घाला, अशी याचिका 2019 साली उच्च न्यायालयात फेटाळली गेली. वाक्य अजून वापरात आहे. ट्रॅक्टरवाल्याला ऐकवून बघा.

परतताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्याच. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे भाव करायला हुरूप येतो. पातींची वेणी घालून माळ करतात ती वाऱ्यावर टांगण्यासाठी. टांगली की महिनोन्‌महिने टिकते. तुम्ही ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत, ओल्या टॉवेलांखाली ठेवा. वडखळला दोन तास उभे राहाल तेवढ्यात ती छान वाफवेल. आठ दिवसांनी पिशवी आठवेल. मधले कांदे बोटाला मऊ लागले की विकणाऱ्या मावशींनी फसवलं, असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाका.