फॉलोअर्स बघून पैठणी मागवू नका

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि मग तीन फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज आला म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय, पेजला दहा हजारांवर फॉलोअर्स, चारच्या वर स्टार, जीएसटी नंबर आणि कॅश ऑन डिलिव्हरी असलं की डोळे झाकून ऑर्डर करा. प्लीज, असं करू नका.

फॉलोअर्स विकत मिळतात, एवढं तर आता सगळ्यांना माहितीये.

स्टारचं जरा नीट बघा. मोठ्या ॲपवर एकच वस्तू चार-पाच सेलर विकत असतात आणि वर दिसणारे स्टार असतात वस्तूचे, सेलरचे नाहीत. सेलरच्या नावावर क्लिक करून त्याचं रेटिंग वेगळं बघायचं, आणि एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचायचे, नवे वर लावून.

जीएसटी नंबर म्हणजे सरकारने मालाची हमी दिली असं अजिबात नाही, आणि दुसऱ्याच्या बिलावरचा नंबर उचलून कोणीही टाकू शकतं. जीएसटी पोर्टलवर तो फुकट शोधता येतो, लॉगिन पण लागत नाही. पंधरा अक्षरांचा नंबर असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. 'आम्ही दादरचे' म्हणणाऱ्याचा नंबर 24 ने सुरू झाला तर तो गुजरातचा, मग विचारा ना त्याला. नाव काय, नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, सगळं तिथे दिसतं. पैसे भरताना यूपीआयवर येणारं नाव त्याच्याशी जुळतंय का तेही बघा.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी! आईने गेल्या दिवाळीत अशीच पैठणी मागवली, साडेचार हजारांची. डिलिव्हरीवाल्याने आधी पैसे घेतले, नंतर पाकीट उघडलं तर आत छापील पॉलिस्टर. पेजवर पत्ता हिंदमाताचा होता, मी स्वतः चालत गेले, दोनदा गल्ली फिरले, तसलं दुकानच नाही, शेजारचे साडीवाले काका म्हणाले "ताई, याच पत्त्यावर अजून दोघी येऊन गेल्या." हे जाणं ऑर्डरच्या आधी व्हायला हवं होतं, आपण मुंबईत राहतो, पत्ता मुंबईचा असेल तर कोणीतरी ओळखीचं जवळपास असतंच.

फसलाच असाल तर पाकिटावरचं लेबल फाडू नका, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, फोटो काढा. ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पैशांची सरळ फसवणूक असेल तर 1930, तेही त्याच दिवशी.