ऑक्टेव्हिया आरएसच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डबाबत आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी आणि ज्याने आपल्या गाडीचे काम केले त्या मेकॅनिकने एकत्र बसून वाचला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर एकत्र करून बाहेर नेणारा भाग) बदलण्याचे चार दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले, अठरा हजारांचा अंदाज एकतीस हजारांवर गेला, आम्ही जोर लावून स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणारे आटेदार दांडे) तोडले आणि तीन आठवड्यांतच इंजिनातून टिकटिक येऊ लागली, असे आपण लिहिले आहे. स्टडविषयीचा आरोप मला मान्य नाही; बाकीच्या बाबतीत आमच्याकडून चुका झाल्या आहेत.

आपली गाडी 2005 सालची आहे. तिचे हेड (इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग) ॲल्युमिनियमचे आणि स्टड पोलादाचे, त्यामुळे इतकी वर्षे तापून-निवून ते एकमेकांत घट्ट धरून बसतात. रात्रभर तेल मुरवून, सकाळी आच देऊन आणि नट थोडा सैल, थोडा घट्ट असा खेळवत आम्ही ते सोडवले, तरीही दोन तुटले, आणि त्यांतला एक तर अगदी हेडच्या पातळीला. तो ड्रिलने पोखरण्याऐवजी त्यावर वेल्डिंगचा थर चढवून, वर नट जोडून फिरवून काढला. यात दीड दिवस गेला. पण ड्रिल जरा तिरके गेले असते तर हेडमधले आटे गेले असते आणि हेडच उतरवावे लागले असते. या कामाचे घेतलेले पैसे मला आजही रास्त वाटतात.

खर्च वाढला तो मुख्यतः आपण स्वतः मागवून दिलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ट्यूब्युलर मॅनिफोल्डमुळे. त्याच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट पट्टीवर) सरळपट्टी धरली तेव्हा मधल्या भागात फट मोजायची 0.40 मिमीची फीलर पट्टी सहज आत जात होती. पाइप वेल्ड करताना फ्लँज ओढली गेली की असे होते. ती आम्ही भोसरीत सरफेस (यंत्रावर घासून सपाट) करून घेतली आणि टोकांची भोके लांबट केली, कारण 400 मिमी लांबीचे स्टेनलेस स्टील 600 अंशांनी तापले तर चार मिलिमीटरच्या आसपास वाढते, तर मूळ मॅनिफोल्डचे बीड (ओतीव लोखंड) तीनच्या आसपास, आणि या वाढीला जागा मिळाली नाही तर स्टडवर ताण येतो. काम गरजेचे होते, तरी साडेसहा हजारांच्या या खर्चासाठी आधी आपली संमती घ्यायला हवी होती. आम्ही साधा फोनही केला नाही. ही रक्कम आपल्याला परत मिळेल.

आता टिकटिकीबद्दल. आपण टाकलेल्या फोटोत चौथ्या सिलिंडरजवळ फ्लँजच्या कडेला काजळीचा काळा ओघळ दिसतो, आणि आवाज गार इंजिनावर जास्त व तापल्यावर कमी होतो असेही आपण लिहिले आहे; म्हणजे गॅस्केटपाशी (फ्लँज आणि हेड यांमधल्या सीलपाशी) गळती आहे आणि धातू फुगला की फट मिटते. टर्बोला (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या भागाला) खालून आधार देणारा मूळ ब्रॅकेट नव्या मॅनिफोल्डला जुळत नव्हता. तो नव्याने बनवायचे ठरले होते, पण आधीच उशीर झाला म्हणून घाईत गाडी आधाराविना आपल्या हाती दिली गेली, आणि टर्बोचे सगळे वजन मॅनिफोल्डवर लटकत राहिले. शिवाय काही दिवस चालवल्यावर नट पुन्हा टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) घ्यावेत, हे आपल्याला तोंडी सांगितले होते, बिलावर लिहून दिले नव्हते. ब्रॅकेटची चूक गंभीर आहे आणि ती सर्वस्वी आमची आहे. तिच्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो.

ब्रॅकेट, नवे गॅस्केट, नट आणि मजुरी यांचे कोणतेही पैसे घेतले जाणार नाहीत. फ्लँज पुन्हा वाकली असेल तर ती काढून आपल्यासमोर तपासू. तोपर्यंत कृपया बूस्टवर (टर्बोचा जोर लागेल अशी) गाडी ओढू नका आणि केबिनमध्ये धुराचा वास आला तर ती चालवूच नका, आम्ही टोइंगने घेऊन येऊ. शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी, म्हणजे सकाळी गार इंजिन सुरू करून तो आवाज आपल्या उपस्थितीतच ऐकता येईल.